प्रार्थना आणि हजेरीपट

निजामी अमदानींत मराठवाड्यांतील शाळा-कॉलेजांना साप्ताहिक सुटी शुक्रवारीं असे, आणि हजेरीपटावरील महिने अजूर, दय, बहमन असे फसली पंचांगाचे असत. आज हें ऐकतांना चमत्कारिक वाटतें. पण शुक्रवारची सुटी ही जुम्याच्या नमाजासाठीं राज्यानें आपण होऊन केलेली सोय होती, आणि आपली रविवारची सुटी तरी मुळांत ख्रिस्ती उपासनेच्या निमित्तानेंच आलेली आहे. ज्याचा वार पंचांगांत छापला गेला त्याला रजेचा अर्ज करावा लागत नाहीं. तो इतरांनीं करावयाचा असतो. एवढें ध्यानांत ठेवून १९३८ सालच्या हकीकतीकडे वळूं.

त्या काळीं आमच्या पाथरी तालुक्यांतील हुशार मुलगा मॅट्रिकच्या पुढें शिकूं इच्छी, तर त्याला औरंगाबादचें इंटरमीजिएट कॉलेज गांठावें लागे. तें उस्मानिया विद्यापीठाशीं जोडलेलें, आणि उस्मानियांत शिक्षणाचें माध्यम उर्दू. खेड्यांतून आलेल्या मुलांचें घर म्हणजे वसतिगृह. तेथें हिंदु विद्यार्थी आपल्या प्रार्थनेंत ‘वंदे मातरम्’ म्हणूं लागले. अधिकाऱ्यांनीं त्यास मनाई केली; मुलांनीं ऐकलें नाहीं, आणि नोव्हेंबर १९३८ मध्यें संप सुरू झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस त्याचें लोण हैदराबादेस उस्मानियाच्या वसतिगृहांपर्यंत पोंचलें. जे नमले नाहींत त्यांचीं नांवें पटावरून कमी करण्यांत आलीं.

सरकारची बाजू अगदींच पोकळ होती असें म्हणतां येणार नाहीं. २४ ऑक्टोबरलाच स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला होता, आर्य समाजाची चळवळ पेटत होती, आणि हें गीत केवळ भक्तीचें राहिलें नव्हतें. मुसलमान बांधवांच्या मनांत त्याच्या पुढील कडव्यांविषयीं किंतु होता. तो खरा मानूनच काँग्रेस कार्यकारिणीनें १९३७ सालीं राष्ट्रीय सभांतून पहिलीं दोनच कडवीं म्हणावींत असें ठरविलें होतें. हें गीत सर्वांच्या सभेंत सर्वांनीं म्हटलेंच पाहिजे, असा आग्रह विद्यार्थ्यांनीं धरला असता, तर माझें मत कदाचित् निराळें झालें असतें. पण आपल्या प्रार्थनेंत आपण काय म्हणावें, एवढाच त्यांचा प्रश्न होता. तेथें अधिकाऱ्यानें शब्द निवडून देणें मला तरी पटत नाहीं.

खरी कसोटी त्यापुढची. वर्ष बुडालें, आईबापांचा पैसा बुडाला. आतां जावें कोठें? अशा वेळीं नागपूर विद्यापीठानें दार उघडलें. कुलगुरु टी. जे. केदार यांनीं बहिष्कृत विद्यार्थ्यांना प्रवेश देवविला, आणि ही गोष्ट मराठवाड्यानें विसरतां कामा नये. आमच्या भागांतून नागपूर म्हणजे मानवत रोड स्टेशनावर मीटर गेजची गाडी धरून मनमाड, तेथें गाडी बदलून भुसावळ, अकोला असा लांबचा फेरा. शिवाय ज्यांचें कॉलेजचें शिक्षण उर्दूंत झालेलें, त्यांनीं आतां इंग्रजींत पेपर लिहावयाचे! पुढें पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव यांनाही याच चळवळीपायीं वरंगळकडील कॉलेज सोडून नागपूरची वाट धरावी लागली होती.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं मराठवाडा मुक्त झाला, आणि १९५० च्या राज्यघटनेंत अठ्ठाविसावें कलम आलें. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेंतील विद्यार्थ्याला त्याच्या संमतीवांचून, तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवांचून, धार्मिक उपासनेस हजर राहण्याची सक्ति करतां येत नाहीं, असें तें सांगतें. पुढें केरळांत याच प्रश्नाची उलटी बाजू उभी राहिली. तीन भावंडें राष्ट्रगीताच्या वेळीं आदरानें उभीं राहत, पण आपल्या धर्मश्रद्धेमुळें तें म्हणत नसत, म्हणून शाळेनें त्यांना काढून टाकलें. १९८६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांना परत घेण्याचा हुकूम दिला. औरंगाबादच्या मुलांना गाण्याबद्दल शिक्षा, केरळच्या मुलांना न गाण्याबद्दल. ज्यांना पहिली शिक्षा अन्यायाची वाटते, त्यांना दुसरीही तशीच वाटली पाहिजे. हें कित्येकांस रुचत नाहीं, हें मी जाणतों.

आतां सक्ति उरली ती बहुधा हजेरीची. पंचाहत्तर टक्क्यांचा नियम वाईट नाहीं. जन्मभर हजेरी घेतलेला मनुष्य तो वाईट म्हणणार तरी कसा? पण पाथरीसारख्या गांवीं तो चालवितांना डोळे उघडे हवेत. हिंदु-मुसलमानांचा संबंध येथें इतका जुना, कीं अहमदनगरच्या निजामशाहीचें मूळ फिरिश्त्यानें पाथरीच्या कुलकर्णी घराण्यांत सांगितलें आहे! आषाढींत शेगांवची पालखी परभणी जिल्ह्यांतून पंढरीस जाते, आणि एखादा विद्यार्थी वडिलांबरोबर दिंडींत चालूं लागतो. दुसरा रमजानचे रोजे धरून दुपारच्या तासास बसतो. दोघांपैकीं कोणाकडूनही भक्तीचा दाखला मागूं नये. आधीं कळविलें असेल तर रजा द्यावी, चुकलेली चांचणी पुन्हां घ्यावी, आणि बुडालेला अभ्यास मात्र त्याच्याकडून पुरा करून घ्यावा.

परीक्षेच्या वेळापत्रकाचें काम याहून नाजूक. एकादशी वर्षभर आधीं पंचांगांत सांपडते. ईद मात्र चंद्र दिसल्यावर ठरते, आणि एका दिवसानें पुढें-मागें होते. तेव्हां वेळापत्रक करतांना त्या सुमारास एकाऐवजीं दोन दिवस कोरे सोडावेत. त्यांपैकीं एक वाया गेला तर विद्यार्थी तेवढाच जास्त अभ्यास करतील.