यावरातच्या गाड्यांमागचा इतिहास

बँकॉकच्या यावरात रस्त्यावर संध्याकाळी पर्यटकांपुढे येणारा नूडल्सचा वाडगा अतिप्राचीन थाई परंपरा म्हणून सहज खपतो. त्याचा खरा इतिहास बराच अलीकडचा आहे, आणि कष्टकऱ्यांचा असल्यामुळे मला तो अधिक मोलाचा वाटतो. १७८२ मध्ये राजा पहिला राम याने नवी राजधानी वसवताना राजवाड्याच्या जागेवरची चिनी वस्ती साम्पेंगला, म्हणजे आजच्या यावरातच्या परिसरात, हलवली. पुढे दक्षिण चीनमधून, विशेषतः तेओच्यू ही चिनी बोली बोलणारे, मजूर येत राहिले. धक्क्यांवर आणि भातगिरण्यांत राबणाऱ्या या एकट्या पुरुषांना स्वस्त, गरम आणि चटकन मिळणारं जेवण हवं होतं. ते कावडींवरून आणि कालव्यांतल्या होड्यांवरून विकलं जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चारोएन क्रुंग आणि मग यावरात हे रस्ते झाले, तसा हा धंदा हळूहळू पाण्यावरून जमिनीवर आला.

मग हे अन्न थाई नव्हेच, असा आक्षेप येईल. तो टिकत नाही. पद थाई या परतलेल्या नूडल्सचंच पाहा. परतण्याची रीत आणि नूडल्स चिनी. चिंच, माशाचा खारा रस आणि ताडगूळ तिथल्या मातीतले. १९३८ ते १९४४ या काळात फिबून सोंगख्राम यांच्या सरकारने राष्ट्रवादाच्या भरात नूडल्सचा जोरदार प्रचार केला, पण केवळ सरकारी फर्मानाने कोणी रोज तेच खात नाही. ती चव लोकांनी स्वीकारली. मुळावरूनच हक्क ठरवायचा, तर मिरचीही सोडावी लागेल. अमेरिकेतली ही मिरची आशियात पसरली ती मुख्यतः पोर्तुगीज व्यापारामुळे, गोव्याच्या स्वयंपाकघरातही.