अँटिग्वा : शिष्य कोण, गुरू कोण?

मध्य अमेरिकेतील ग्वातेमाला देशात, ज्वालामुखींच्या सावलीत अँटिग्वा हे जुने शहर वसले आहे. १५४३ साली स्पॅनिश लोकांनी ते वसविले आणि सव्वादोनशेहून अधिक वर्षे ते त्यांच्या राजसत्तेचे केंद्र होते. २९ जुलै १७७३ च्या भूकंपाने तेथील चर्चे व मठ कोसळले. १७७६ मध्ये राजधानी अन्यत्र गेली. आज त्या भग्न मठांच्या परिसरात परदेशी पाहुणे स्पॅनिश शिकावयास येतात. एका शिक्षकापुढे एकच विद्यार्थी बसतो. मुक्काम स्थानिक कुटुंबात, आणि जेवणाचे ताट हाही एक धडाच.

परंतु प्रारंभी येथे शिष्य होते ते स्वतः स्पॅनिश धर्मगुरू. ग्वातेमालाचे पहिले बिशप फ्रान्सिस्को मारोकिन (मृत्यू १५६३) यांनी तेथील माया लोकांची भाषा आत्मसात केली व इतर मिशनऱ्यांनाही तसे करण्यास उत्तेजन दिले. १६७६ साली स्थापन झालेल्या सान कार्लोस विद्यापीठात काकचिकेल या माया भाषेचे अध्यासनही होते.

येथे आपल्याला फादर थॉमस स्टीफन्स आठवल्यावाचून राहत नाहीत. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज येशूसंघीयाने आपली भाषा शिकून १६१६ मध्ये मराठीत ख्रिस्तपुराण सिद्ध केले. दुर्दैवाने पुढची कथाही सारखीच आहे. १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने कोंकणीचा वापर सोडण्याचा हुकूम काढला. १७७० मध्ये स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याने अमेरिकेतील देशी भाषा नामशेष व्हाव्यात अशी आज्ञा दिली. धर्मगुरूंनी जे शिकून घेतले, ते राजसत्तेला पुसून टाकावेसे वाटले.

तरीही त्या भाषा टिकल्या. अँटिग्वातच बिशप मारोकिन यांचे नाव धारण करणारी एक भाषासंस्था विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभी राहिली. परदेशीयांना स्पॅनिश शिकवून मिळणारा पैसा तिने माया भाषांच्या अभ्यासाकडे वळविला. माया तरुण स्वतःच आपल्या भाषांचे व्याकरण व शब्दकोश सिद्ध करू लागले. १९९० साली माया भाषांच्या अकादमीला कायद्याने मान्यता मिळाली.

वाचकहो, आमची मुले परभाषा शिकतात, याचे आम्हांला कौतुकच आहे. परंतु ज्या मायबोलीसाठी एक परदेशी धर्मगुरू शिष्य झाला, त्या मायबोलीतील सायंप्रार्थना आमच्याच घरांतून लोपली, तर त्यासाठी कोणा व्हाइसरॉयला दोष देता येणार नाही.