कोरियाचं अंगण

भाचीच्या केसपेपरवर ‘कोरिया’ हा शब्द पहिल्यांदा वाचला: हातपाय आपोआप हलत राहण्याच्या आजाराचं नाव. त्याआधी डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, “माझी दोन बोटं घट्ट धरून ठेव.” तिची मूठ आवळे, सुटे, पुन्हा आवळे, गाईची धार काढावी तशी. या खुणेला वैद्यकात ‘गवळणीची पकड’ असंच नाव आहे.

घरी येऊन शब्द शोधला आणि थक्क झालो. कोरिया आणि कोरिओग्राफर ही सख्खी भावंडं! ग्रीक ‘खोरेइया’ म्हणजे नाच आणि त्याचं मूळ ‘खोरोस’.

पण खोरोस कुठून आला? प्लेटो ‘लॉज’ या ग्रंथात त्याचा संबंध ‘खारा’शी, म्हणजे आनंदाशी लावतो. ऐकायला गोड, पण मला ते पटत नाही. होमरच्या ‘ओडिसी’त नाच सुरू होण्याआधी खोरोस सपाट करतात. आनंद कसा सपाट करणार? सपाट करायची ती जागा. म्हणून काही भाषाशास्त्रज्ञ खोरोसचा धागा ‘कुंपण घालणे’ या अर्थाच्या धातूशी जोडतात. लॅटिन ‘हॉर्टुस’, म्हणजे बाग, त्याच घराण्यातला मानतात. आणि आपलं ‘गृह’सुद्धा! ‘गृह’चा सांधा ध्वनिनियमांत नीट बसत नाही, असा आक्षेप आहे आणि तो रास्तच आहे. तरी माझा कौल अंगणालाच: आधी अंगण, मग त्यातला नाच, मग नाचासारखा रोग.

रोगाला हे नाव मिळालं ते भलत्याच वाटेनं. 1518 मध्ये स्ट्रासबुर्गला माणसं दिवसचे दिवस थांबता न येता नाचत राहिली. सेंट व्हायटसचा कोप म्हणून त्यांना त्याच्या देवळात नेलं. पुढे वैद्य पॅरासेल्ससनं संताचा कोप नाकारला आणि ‘कोरिया’ हा शब्द वापरला. 1686 मध्ये लंडनच्या डॉक्टर सिडनहॅमनं ‘सेंट व्हायटसचा नाच’ म्हणून वर्णन केलं ते मात्र लहान मुलांच्या वेगळ्याच आजाराचं. या मुलांना पेला सरळ तोंडाशी नेता येत नाही, हात भलतीकडेच जातो. रोग बदलला, नाव तेच राहिलं. 1872 मध्ये डॉक्टर हंटिंग्टननं आनुवंशिक कोरिया वेगळा काढला.

मुलांचा हा सिडनहॅमचा कोरिया घशातल्या स्ट्रेप्टोकोकसच्या संसर्गानंतर, कधी कधी काही महिन्यांनी, उमटतो. सोबत हृदयाच्या झडपांनाही इजा होऊ शकते. भाचीला शाळेत अक्षर बिघडलं म्हणून बोलणी बसत होती. तुमच्या घरात एखाद्या मुलाच्या हातून अचानक वस्तू पडू लागल्या, तर रागावू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.