राहून गेलेली पदके



फुलचूर गोंदियाला लागून आहे, आणि गोंदियाहून नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. त्या नागपुरात, स्टेशनाशेजारीच सीताबर्डीच्या दोन टेकड्या आहेत. आपल्यापैकी बहुतेकांनी त्या येताजाता पाहिल्या असतील. आजचा माझा विषय या टेकड्यांपासून सुरू होतो. तो लढाईचा नाही, लढाईनंतरच्या कागदाचा आहे. शिपाई लढतो आणि घरी येतो. पुढे कधीतरी त्याच्या ध्यानात येते की आपल्या नोकरीच्या कागदांत अमुक एका पदकाची नोंद राहून गेली आहे. मग तो अर्ज करतो : ‘माझे पदक माझ्या नावावर लावावे.’

कोणी म्हणेल, चांदीच्या एका चकतीसाठी म्हाताऱ्या माणसाने कचेरीचे उंबरठे का झिजवावे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर इतिहासात शोधावे, एवढाच आजचा उद्देश.

नोव्हेंबर १८१७. पुण्याला बाजीराव पेशव्याने इंग्रजांशी युद्ध पुकारले होते आणि नागपूरचा आप्पासाहेब भोसलाही त्याच मार्गाने निघाला होता. आपला हा मुलूख त्या वेळी भोसल्यांच्याच राज्यात मोडत होता. रेसिडेंट जेंकिन्सजवळ सुमारे तेराशे-चौदाशे शिपाई होते. भोसल्यांची फौज अठरा हजारांच्या घरात, आणि तिच्यातले अरब कडवे लढवय्ये म्हणून नावाजलेले. २६ तारखेच्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला, तो रात्रभर चालून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबला नाही. लहान टेकडी अरबांनी सकाळी घेतलीही. पण कॅप्टन फिट्झजेराल्डच्या बंगाली घोडेस्वारांनी हल्ला केला, शिपायांनी टेकडी परत घेतली आणि लढाईचे पारडे फिरले. कंपनीच्या बाजूचे ३६७ लोक ठार वा जखमी झाले. १६ डिसेंबरला नागपूरची लढाई झाली आणि महिनाअखेरीस शहरही पडले.

लहान टेकडीवर जी पलटण होती ती मद्रासची २४ वी. या २४ व्या आकड्यामागे एक दुखणे होते. १० जुलै १८०६ रोजी वेल्लोरच्या किल्ल्यात शिपायांनी बंड केले. नव्या पगडीची सक्ती झाली होती, कपाळावर गंध लावण्याला बंदी आली होती, दाढी राखण्याबद्दलही हुकूम निघाले होते. बंड मोडले गेले आणि त्यात अडकलेल्या पलटणींची नावे लष्कराच्या यादीतून खोडली गेली. त्यांतच मद्रासची पहिली पलटण होती. तिच्या जागी जी उभी राहिली ती २४ वी. म्हणजे हा आकडा त्या शिपायांच्या अंगावरचा डाग होता.

सीताबर्डीनंतर या लोकांनी काय मागितले? जमीन नाही, बक्षिसाची रक्कम नाही. ‘आमचा जुना आकडा आम्हांला परत द्या’ अशी त्यांची मागणी होती. सरकारने ती मान्य केली आणि २४ वी पलटण पुन्हा पहिली झाली. माझ्या मते आपल्या भागाच्या इतिहासातला हा सर्वांत बोलका अर्ज होय. प्राण पणाला लावून या माणसांनी मागितली ती रजिस्टरातली एक दुरुस्ती!

आता पदकांकडे वळू. सीताबर्डीच्या शिपायाला त्या लढाईचे पदक केव्हा मिळाले? तब्बल चौतीस वर्षांनी. ही दिरंगाई कशी झाली ते पाहण्यासारखे आहे.

कंपनी सरकारला पदके देण्याची रीत ठाऊक नव्हती असे नाही. मराठ्यांशी आणि इतरांशी १७७८ ते १७८४ पर्यंत लढलेल्या देशी शिपायांना कंपनीने पदके दिली होती. म्हैसूरच्या स्वाऱ्यांनाही दिली होती. इंग्लंडच्या राजाने आपल्या साध्या शिपायांना सरसकट पदक दिले ते वॉटर्लूनंतर, १८१६ साली. म्हणजे या बाबतीत कंपनी राजाच्या पुढेच होती. पण १८०३ आणि १८१७-१८ या दोन मोठ्या मराठा युद्धांचे पदक मात्र राहूनच गेले.

तिकडे युरोपात नेपोलियनशी लढलेल्या म्हाताऱ्या शिपायांचीही हीच तक्रार होती. ड्यूक ऑफ रिचमंड याने त्यांचा कैवार घेऊन वर्षानुवर्षे खटपट केली. खुद्द वेलिंग्टनचे मत या मागणीला अनुकूल नव्हते. अखेर १८४७ साली व्हिक्टोरिया राणीने जुन्या लढायांसाठी पदक मंजूर केले. मग हिंदुस्थानातल्या लढायांनी काय पाप केले होते? ही उणीव १८५१ साली भरून निघाली आणि १७९९ ते १८२६ या काळासाठी ‘हिंदुस्थानच्या सैन्याचे पदक’ निघाले. एका बाजूला राणीचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला विजयदेवता, आणि फिक्या निळ्या फितीवर लढाईच्या नावाची पट्टी. अशा पट्ट्या एकूण २१. त्यांतली नावे वाचली म्हणजे महाराष्ट्राचा नकाशाच पुढे येतो : असई, अडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, कोरेगाव, सीताबर्डी, नागपूर. स्पेलिंग इंग्रजांच्या कानाला ऐकू आले तसे. खडकीची झाली ‘किर्की’.

पण या पदकाला एक अट होती. ते हयात असलेल्यालाच मिळावयाचे, आणि त्यासाठी त्याने हक्क सांगावयाचा. आपण साधा हिशेब करू. असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची. त्या दिवशी वीस वर्षांचा असलेला शिपाई १८५१ साली अडुसष्ट वर्षांचा. सीताबर्डीला वीस वर्षांचा असलेला चौपन्न वर्षांचा. त्या काळच्या आयुर्मानात यांतले किती उरले असतील? उरले त्यांतल्या कितीजणांच्या गावापर्यंत ही बातमी पोचली असेल? गोऱ्या अधिकाऱ्याचा भाऊबंद लंडनला कचेरीत जाऊन विचारपूस करू शकत होता. पेन्शन घेऊन गावी जाऊन बसलेल्या शिपायाला अर्ज कोणी लिहून द्यावा? सगळी मिळून सुमारे साडेचार हजारच पदके वाटली गेली. सत्तावीस वर्षांच्या एवढ्या लढायांना एवढेच हक्कदार होते असे कोण म्हणेल? पदक राहून जाते ते शौर्य कमी पडले म्हणून नव्हे, तर नोंद आणि बातमी वेळेवर पोचली नाही म्हणून. यातला बोध एवढाच.

येथे कोणी पुन्हा विचारील, नोंद राहिली तर राहिली, बिघडले काय? बिघडते काय ते कोरेगावचा स्तंभ सांगतो.

१ जानेवारी १८१८ रोजी भीमेकाठी कोरेगावला पेशव्यांच्या फौजेशी लढाई झाली. तेथील स्तंभावर पडलेल्या शिपायांची नावे कोरली आहेत. त्या ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, म्हणजे ती महार शिपायांची आहेत. पुढे पाऊणशे वर्षांनी सरकारचे धोरण फिरले. अमुक जाती लढवय्या, अमुक नव्हेत, असा सिद्धांत निघाला आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. ज्यांचे बाप आणि आजे सुभेदार-जमादार झाले, त्यांना सांगण्यात आले की तुम्ही लढणारे नव्हेत!

यावर पहिला आवाज उठवला तो एका पेन्शनर शिपायाने. गोपाळबाबा वलंगकर महाड भागातले. लष्करातून १८८६ साली निवृत्त होऊन ते दापोलीला स्थायिक झाले होते. १८९४ साली त्यांनी भरतीबंदीविरुद्ध अर्ज तयार केला. पुढे पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी हे काम हाती घेतले. १९०३ साली सासवडला सभा झाली, नंतर मुंबई सरकारकडे अर्ज गेला, आणि १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे. या अर्जांचा आधार कोणता होता? आमच्या लोकांनी कंपनीच्या पलटणीत इमानाने नोकरी केली, ही पूर्वीची सेवा. धोरणाला उत्तर नोंदीने दिले गेले. स्तंभावरची नावे पुसली गेली असती, बिल्ले घरोघर वितळून गेले असते, तर या माणसांनी पुरावा कोठून आणला असता? १९१७ साली महारांची १११ वी पलटण उभी राहिली, १९२१ साली ती मोडली गेली, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची स्थापना झाली. तिच्या टोपीवरच्या पहिल्या बिल्ल्यात कोरेगावचा स्तंभ होता. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर त्या स्तंभाला भेट देऊन आले, त्यामागेही हाच विचार होता. पुराव्याचे मोल, ज्याला पुरावा मागितला जातो त्यालाच कळते.

नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सीताबर्डीच्या टेकडीवर चढून आलेल्यांना कोणते पदक मिळाले? १८१८ साली आपल्या जवळच्या कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल कॅप्टन गॉर्डनच्या फौजेशी लढला. हरल्यावर त्याची जमीनदारी गेली. त्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या कुणबी, गोंड, लोधी पोरांच्या नावाची यादी कोणी ठेवली? पदक देणे हे जिंकणाऱ्याच्या हाती असते. म्हणूनच पदकांच्या यादीला कोणी संपूर्ण इतिहास समजू नये. पण आहे ती यादी तरी बरोबर असावी, हा आग्रह त्यामुळे सुटत नाही.

आता आजच्या काळाकडे येऊ. स्वतंत्र भारताच्या सैन्यात पदके पुष्कळ आहेत. १९६५ च्या युद्धाचे समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, १९७१ चे पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल, स्वातंत्र्याला २५ आणि ५० वर्षे झाली तेव्हा नोकरीत असलेल्यांना दिलेली पदके, शिवाय ९, २० आणि ३० वर्षांच्या नोकरीची. पदक मंजूर झाले की युनिट ‘भाग दोन आदेश’ काढते, त्यावरून रेकॉर्ड ऑफिसात नोंद होते आणि निवृत्तीच्या वेळी डिस्चार्ज बुकात उतरते. या साखळीतली एक कडी सुटली की पदक सुटले. युनिट सीमेवरून हलते, शिपाई इस्पितळात असतो किंवा बदलीवर जातो, आणि कारकुनाच्या हातून ओळ राहून जाते. यात कोणाचे कपट असावे लागत नाही.

अमेरिकेसारख्या संपन्न देशातही १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईस येथील कागदखान्याला आग लागून १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या फाइली जळाल्या. आपली सेवा सिद्ध करण्यासाठी तेथील कित्येक म्हाताऱ्या सैनिकांना जुनी पत्रे आणि पगाराच्या नोंदी शोधत बसावे लागले. कागद जेथे एकच असतो तेथे माणसाचा इतिहास एका काडीने जळतो.

आपल्या आळीत, नात्यात कोणी माजी सैनिक असतील तर त्यांचे डिस्चार्ज बुक एकदा त्यांच्याजवळ बसून वाचावे. कोठे नोकरी केली, कोणत्या साली कोठे होते, हे विचारून घ्यावे, आणि नोंद राहिली असेल तर आपापल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसाला लिहावे. महार रेजिमेंटचे सागरला, मराठ्यांचे बेळगावला, गार्ड्सचे जवळच कामठीला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यात मदत करते. शौर्यपदकाला दरमहा भत्ता असतो आणि तो पुढे पत्नीकडे जातो, तेव्हा ही नोंद घरच्या चुलीशीही जोडलेली आहे. पण भत्ता नसलेल्या पदकासाठीही लिहावे. आजोबांना इंग्रजी येत नसेल तर नातवाने लिहावे.

१८५१ साली अट होती की हयात असेल त्यालाच पदक. ज्यांना अर्ज लिहून देणारा वेळेवर भेटला नाही त्यांची नावे आपल्याला आज ठाऊक नाहीत, आणि आता ती कोणाला शोधताही येणार नाहीत. आपल्या गावातली माणसे अजून आपल्यासमोर बसली आहेत. त्यांना विचारावयाचे ते याच उन्हाळ्यात विचारा.