उत्पन्न : निरंक

चार वर्षांपूर्वी मी आईचा फॉर्म भरत होतो. नाव, वय, केशरी कार्डाचा नंबर झाला आणि 'व्यवसाय' या रकान्यापाशी थांबलो. आई अठरा वर्षं घरी शिवणकाम करते. फॉल-पिको, ब्लाउज, दिवाळी जवळ आली की रात्री दोनपर्यंत मशीनची घरघर. मी 'शि' लिहिला तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "कशाला भानगड करून घेता? गृहिणी लिहा. उत्पन्न निरंक." मी तसं लिहिलं, आईनं सही केली आणि योजनेतून डायलिसिस मंजूर झालं.

तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार बार्शी ते सोलापूर एसटी. आई आत चार तास यंत्राला जोडलेली, मी बाहेर बाकावर. चार तासांत मोबाइलवर काय काय बघणार? रील्सचाही कंटाळा येतो. एक दिवस सहज शोधलं, हे यंत्र कुणी बनवलं? आणि त्या शोधात मला 'उत्पन्न' हा रकाना पुन्हा भेटला, साठ वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत. फक्त तिथे तो उलटा होता.

यंत्र बनवलं विलेम कोल्फ नावाच्या डॉक्टरनं, नेदरलँड्समधल्या काम्पेन गावात, १९४३ साली. देश नाझींच्या ताब्यात होता, सामान मिळत नव्हतं. सॉसेज भरायच्या सेलोफेनच्या नळ्या लाकडी पिंपाभोवती गुंडाळून त्यानं त्यातून रक्त फिरवलं. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण गेले. यंत्रामुळेच वाचली असं ठामपणे म्हणता येईल अशी पहिली व्यक्ती १९४५ मध्ये आली. ती होती ६७ वर्षांची एक बाई, नाझींना साथ दिल्याबद्दल तुरुंगात असलेली. गावात तिच्याविषयी कुणाला माया नव्हती. कोल्फनं तरी तिला यंत्राला जोडलं. ही बाई लक्षात ठेवा.

कोल्फच्या यंत्रात एक मोठी अडचण होती. दर वेळी हातापायाची नवी रक्तवाहिनी उघडावी लागायची. काही दिवसांत त्या संपायच्या. त्यामुळे किडनी तात्पुरती बंद पडलेल्यांनाच उपयोग. कायमची गेली असेल तर काही इलाज नाही. १९६० मध्ये सिअ‍ॅटलच्या बेल्डिंग स्क्रिबनर यांनी त्यावर तोडगा काढला. टेफ्लॉनची नळी रोहिणीत आणि नीलेत कायमची बसवायची, दोन टोकं हाताबाहेर ठेवायची, आणि डायलिसिस नसेल तेव्हा ती एकमेकांना जोडून टाकायची. पहिला रुग्ण होता क्लाइड शील्ड्स, ३९ वर्षांचा मशिनिस्ट. तो आणखी अकरा वर्षं जगला.

आता खरी पंचाईत झाली. मरणाऱ्याला वर्षानुवर्षं जगवता येतं हे कळलं, पण यंत्रं मोजकी आणि खर्च माणशी वर्षाला दहा हजार डॉलरच्या पुढे. १९६२ मध्ये सिअ‍ॅटलमध्ये केंद्र सुरू झालं, तेव्हा कुणाला घ्यायचं हे ठरवायला सात जणांची समिती नेमली. एक वकील, एक धर्मगुरू, एक बँकर, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार पुढारी, एक सर्जन. नावं गुप्त. वैद्यकीय चाळणीतून आलेल्यांमधून त्यांनी निवड करायची. ४५ च्या वरचे आणि लहान मुलं आधीच बाद. मग बघायचं काय? लग्न झालंय का, पोरंबाळं किती, शिक्षण, उत्पन्न, मालमत्ता, कामाचं स्वरूप, आजवर काय केलं, पुढे काय करेल.

त्या वर्षी नोव्हेंबरात 'लाइफ' मासिकात शाना अलेक्झांडर यांचा लेख आला आणि देशाला हे कळलं. समितीतली माणसं दुष्ट नव्हती. लेख वाचताना उलट जाणवतं की ती बिचारी गोंधळलेली होती. हाताशी दुसरं माप नव्हतं म्हणून त्यांनी ओळखीचं माप उचललं: समाजाला उपयोगी कोण? म्हणजे कमावतं कोण, चर्चला जातं कोण, घर सांभाळून आहे कोण. पुढे दोन लेखकांनी टोमणा मारला की थोरोची किडनी बिघडली असती तर सिअ‍ॅटलमध्ये त्याची धडगत नव्हती. काम्पेनच्या त्या बाईचं तर नावही पुकारलं गेलं नसतं.

१९६४ मध्ये वयात न बसणारी एक शाळकरी मुलगी नाकारली गेली. तिच्या वडिलांच्या ओळखीचे एक इंजिनिअर होते, अल्बर्ट बॅब. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी चारेक महिन्यांत घरी चालवता येईल असं यंत्र तयार केलं. घरगुती डायलिसिसच्या यंत्रांमागे समितीचा एक नकार आहे, ही गोष्ट मला फार आवडते. अर्थात ओळख नसलेल्या मुलींचं काय झालं, ते कुठे लिहिलेलं नाही.

मला वाटायचं, माणसाची किंमत त्याच्या कमाईवरून करणं हा त्या सात जणांचाच भाबडेपणा. तसं नाही. ते तेव्हाचं बऱ्यापैकी मान्य शास्त्र होतं. सतराव्या शतकात विल्यम पेटीनं श्रमाच्या हिशोबावरून इंग्लंडच्या माणसाची किंमत काढली होती, सरासरी ६९ पौंड. १९६६ मध्ये डोरोथी राइस यांनी अमेरिकेत आजारांमुळे होणाऱ्या नुकसानाचा सविस्तर हिशोब मांडला. उपचारांचा खर्च अधिक बुडालेली मजुरी. या पद्धतीत निवृत्त माणूस मेला तर मजुरी बुडत नाही, म्हणजे नुकसान शून्य. राइस यांनी एक गोष्ट मात्र केली, गृहिणीला शून्यावर सोडलं नाही. तिच्या कामाची किंमत त्यांनी धरली, मोलकरणीच्या पगाराइतकी. हे वाचून मी बाकावर बसून आईचा हिशोब केला. राइस यांच्या हिशोबात ती मोलकरणीइतकी, आमच्या फॉर्मात निरंक, आणि शिवणकाम दोन्हीकडे नाही.

मग सरकारी समितीसाठी हर्बर्ट क्लारमन आणि सहकाऱ्यांनी किडनीच्या उपचारांचा अभ्यास केला, तो १९६८ मध्ये छापून आला. त्यांनी प्रश्नच बदलला. जीव किती डॉलरचा हे विचारायचंच नाही. एवढ्या डॉलरमध्ये आयुष्याची किती वर्षं मिळतात ते मोजायचं. डायलिसिसवर साधारण ९ वर्षं, प्रत्यारोपणात साधारण १७, आणि वर्षामागे खर्चही प्रत्यारोपणात कमी. या मापात मशिनिस्टचं वर्ष आणि तुरुंगातल्या म्हातारीचं वर्ष सारखंच. मला एकदम हायसं वाटलं.

पण पुढची ओळ वाचून मी मोबाइल खाली ठेवला. डायलिसिसवरचं जगणं कमी सुखाचं असतं म्हणून त्यांनी प्रत्यारोपणानंतरचं एक वर्ष डायलिसिसच्या सव्वा वर्षाबरोबर धरलं होतं. उलट बाजूनं बघा: आईचं एक वर्ष म्हणजे चार पंचमांश वर्ष. आज जगभर औषधांचे हिशोब ज्या 'गुणवत्ता धरून मोजलेल्या वर्षां'मध्ये होतात, त्यांच्या सुरुवातीच्या रूपांपैकी हे एक. दोन दिवस मला या माणसांचा राग होता. मग शुक्रवारी रात्री आईकडे बघितलं. डायलिसिसच्या दिवशी ती परत आली की नुसती पडून असते, मशीनला हात लावत नाही. आठवड्यातले दोन दिवस गेले. पाच सप्तमांश. क्लारमन माझ्यापेक्षा उदार निघाले. (माझी किडनी द्यायची तयारी होती. आई नको म्हणाली, तो विषय आमच्याकडे बंद आहे.)

अमेरिकेत शेवटी निकाल हिशोबावर लागला नाही. नोव्हेंबर १९७१ मध्ये शेप ग्लेझर नावाचा रुग्ण काँग्रेसच्या समितीपुढे साक्षीला आला आणि तिथेच, खासदारांसमोर, यंत्राला जोडून घेतला. ३० सप्टेंबर १९७२, शनिवार. सिनेटमध्ये अर्धा तास चर्चा झाली आणि ५२ विरुद्ध ३ मतांनी ठराव मंजूर. जुलै १९७३ पासून जवळजवळ प्रत्येक किडनी रुग्णाचा खर्च सरकारी विम्याकडे गेला. सिअ‍ॅटलसारख्या समित्यांचं काम संपलं.

त्या अर्ध्या तासातही कामाचं नाव घेतलं गेलंच. सिनेटर हार्टके यांनी सांगितलं, हे लोक उपचार मिळाले तर कामावर परततील, बऱ्याच जणांना नवं प्रशिक्षणसुद्धा लागणार नाही. तसं झालं नाही. कारण सोपं आहे. तोवरचे रुग्ण तरुण, नोकरदार, चाळणी लावून निवडलेले होते. ते कामावर परतत होते यात नवल काय? चाळणी काढल्यावर म्हातारे आले, मधुमेहवाले आले, आधीच हातात काम नसलेले आले. कामावर जाणाऱ्यांचं प्रमाण घसरलं, खर्च अंदाजाबाहेर गेला आणि कार्यक्रम फसला अशी टीका झाली. माझ्या मते तो तिथेच यशस्वी झाला होता. पूर्वी जी माणसं मोजायच्या आधीच मरत होती, ती आता आकड्यांत दिसायला लागली होती.

आईच्या डाव्या हातावर फिस्टुला आहे. रोहिणी आणि नीला आतल्या आत जोडण्याची ही पद्धत १९६६ ची, न्यूयॉर्कची; स्क्रिबनर यांची नळी तिनं मागे टाकली. हात ठेवला की थरथर लागते, चालू मोटारीसारखी. त्या हातानं वजन उचलायचं नाही, म्हणून कापडाचे तागे मी उचलतो. पुण्यातली नोकरी सोडून बार्शीला आलो, आता घरून तासांच्या हिशोबानं काम करतो. मंगळवार-शुक्रवारचे माझे खाडे मी वाचलेल्या एकाही हिशोबात नव्हते. बाहेरच्या बाकावर आम्ही दहा-बारा जण असतो. एक रिक्षावाले आहेत, एक द्राक्षबागेत रोजानं जाणारी बाई आहे. प्रत्येकाचा अर्धा आठवडा त्या बाकावर जातो.

परवा परतीच्या एसटीत मी आईला सिअ‍ॅटलची गोष्ट सांगितली. तिथे कमावतो म्हणून सिद्ध करावं लागायचं, आपण कमावत नाही म्हणून लिहून दिलं. तिनं डोळे मिटलेलेच ठेवले. मला वाटलं झोपली. वैराग आल्यावर म्हणाली, "त्या सातांत बाई एकच होती?"

"हो. गृहिणी."

"तिच्या फॉर्मात काय लिहिलं असेल रे?" आणि मग, "उद्या सकाळी लवकर उठव. सहा ब्लाउज द्यायचेत."