शिलेदारीचा जमाखर्च

'शिलेदार' हा शब्द आज मराठीत मिरवण्याचा झाला आहे. पक्षाचे शिलेदार, चळवळीचे शिलेदार, बिनीचा शिलेदार! 'बारगीर' मात्र कुणी कुणाला गौरवाने म्हणत नाही. या दोन शब्दांच्या वाट्याला आलेली विषम प्रतिष्ठा पाहिली की त्यांमागचा जमाखर्च तपासावासा वाटतो.

'सिलाह' म्हणजे हत्यार. ते बाळगणारा तो सिलाहदार, आपला शिलेदार. घोडा स्वतःचा, तलवार-भालाही स्वतःचा. एवढी खरेदी पदरची झाल्यावरच त्याला लष्करात जागा. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारी पागेतून मिळे. परदेशी सुरी-संग्राहकांच्या एखाद्या मंडळात सभासदत्व टिकवायला ठरावीक खरेदीची अट असते आणि सभासद तिच्यावर कुरकुरतात. हौसेतली ती कुरकुर आपण हसून सोडून देऊ. शिलेदाराच्या बाबतीत तीच अट पोटाशी बांधलेली होती.

शिवाजी महाराजांचा कल पागेकडे होता. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला बखर लिहिणारा कृष्णाजी अनंत सभासद पागेची रचना बारकाईने सांगतो : पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार. शिलेदार पागेच्या हुकमतीखाली. ज्याचे हत्यार त्याचीच मर्जी चालणार, हे महाराजांनी ओळखले होते, असे आम्हांला वाटते. पुढे पेशवाईत मोहिमा दूरवर गेल्या, आणि शिलेदारांवरची भिस्त वाढली.

आमच्या कर्जतला लागूनच जामखेड तालुका, आणि त्यात खर्डा. मार्च १७९५ मध्ये तिथे निजामाविरुद्ध मराठी सरदारांच्या फौजा एकवटल्या. त्या विजयाची वर्णने आपण वर्गात रंगवून सांगतो. पण त्या गर्दीतल्या साध्या शिलेदाराच्या डोक्यात शत्रूइतकाच आपला घोडाही असणार, हे सांगायचे राहून जाते. घोडा पडला की भांडवल बुडाले. भरपाईचा भरवसा नसे. घोडा जपून लढणाऱ्याला भित्रा ठरवणे सोपे आहे. आमच्या भागात खंडेनवमीला घरातली जुनी तलवार पुजतात आणि तिच्या पराक्रमाची कथा सांगतात. ती कुणी, कुठल्या पैशाने घेतली, हे कथेत कधी येत नाही.

गंमत अशी, की इंग्रजांनी ही पद्धत मोडली नाही, उचलली. त्यांच्या 'सिल्लेदार' रिसाल्यांत भरती होणाऱ्याने घोडा आणावा, नाहीतर त्यापोटी रोख रक्कम पलटणीत भरावी, असा दंडक असे. सरकार देई ती मुख्यतः बंदूक. या जागेला 'असामी' म्हणत (पु. लं.नी ज्यावर श्लेष केला, तोच शब्द). ऐपतदार माणूस अनेक असाम्या घेई आणि त्यांवर आपले बारगीर बसवी. म्हणजे पूर्वी सरकारचा असलेला बारगीर आता सावकारी शिलेदाराच्या पदरी आला! पगारातून कापून घेतलेल्या पैशातून नवे घोडे घेतले जात. शांततेच्या काळात हे निभावले. १९१४ च्या महायुद्धात घोडे इतक्या वेगाने मेले, की स्वाराच्या खिशातून ते भरून निघणे अशक्य झाले आणि सरकारलाच ते पुरवावे लागले. युद्धानंतर, १९२१ च्या सुमारास, ही पद्धत रद्द झाली. घोडा सरकारी, हत्यारही सरकारी : व्यवहारापुरते सगळेच स्वार आता बारगीर होते.