बत्तीस फुटी दोघी

‘होडी जड असली की भरवशाची’, हे धक्क्यावर अजूनही ऐकू येतं. माझी उमेदीची वर्षं फायबरच्या कामात गेली, साच्यात मॅट अंथरायची, रेझिन पाजायचं, रोलर फिरवून बुडबुडे काढायचे. होडीत वजन किती सहज शिरतं आणि एकदा शिरलं की निघत कसं नाही, ते मी जवळून पाहिलंय. म्हणून हा वाद निघाला की मी दोन परदेशी होड्या पुढे करतो. एक कॅलिफोर्नियाची वेस्टसेल ३२, दुसरी इंग्लंडची काँटेसा ३२. दोन्ही शिडाच्या, दोन्ही फायबरग्लासच्या, लांबी बत्तीस फूट, दोन्ही १९७१च्या आगेमागे बाजारात आलेल्या. वजन मात्र एकीचं जवळजवळ ९ टन आणि दुसरीचं सव्वाचार.

वेस्टसेलचं घराणं नॉर्वेचं. लार्विकच्या कॉलिन आर्चरने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या किनाऱ्यावरच्या बचावनौका आखल्या. दोन्ही टोकं निमुळती, तळाशी लांबलचक पठाण म्हणजे होडीचा कणा, बाहेर टांगलेलं सुकाणू. भर वादळात बाहेर पडायचं आणि अडकलेल्या मच्छीमारांना ओढून आणायचं, हे त्यांचं काम. १९२०च्या दशकात विल्यम ॲटकिन या अमेरिकन आरेखकाने ते ४७ फुटी रूप ३२ फुटांत बसवलं आणि त्याला नाव दिलं ‘एरिक’. याच नकाशावरून आपल्या मुंबईत एक होडी झाली. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटींवर नोकरी करणाऱ्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी ती सागवानात बांधून घेतली. आपल्या सुतारांनी वाकस आणि सामता चालवून केलेलं काम, आणि डिसेंबर १९६४ मध्ये होडी पाण्यात. तीच ‘सुहैली’. जून १९६८ मध्ये फाल्मथहून निघून एप्रिल १९६९ मध्ये ती तिथेच परतली, एकट्या माणसाने कुठेही न थांबता केलेली पहिली पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियात विल्यम क्रीलॉक यांनी एरिकच्या रेषा फायबरसाठी नव्याने मांडल्या. आधी ती केंडल ३२ म्हणून निघाली. केंडलचं दिवाळं वाजलं, साचे दुसऱ्यांच्या हाती गेले आणि होडीचं नाव वेस्टसेल झालं. पुष्कळशा होड्या नुसतं कवच म्हणून विकल्या गेल्या. आतलं सुतारकाम गिऱ्हाइकाने आपल्या अंगणात करायचं. नोकरी सोडून दक्षिण समुद्राकडे निघायचं, या त्या काळच्या अमेरिकन स्वप्नाला ही होडी नेमकी मापाची होती. दहाएक वर्षांत आठशेच्या वर झाल्या. त्यांतल्या किती अंगणातच राहिल्या, ते विचारू नये.

आता माझी तक्रार. लाकडी होडी जड होते कारण फळी, वांक, खिळे हे सगळं जाडच लागतं. फायबरला ती सक्ती नाही. पण सुरुवातीच्या काळात कुणालाच या मालाचा अंदाज नव्हता, म्हणून थरावर थर चढवले जात. लाकडाचा आकार घेतला तो घेतलाच, त्याच्या वजनाची सवयसुद्धा साच्यात उतरली. वेस्टसेलची बाजू मात्र एक आहे, आणि ती मोठी आहे. कुटुंबाचं पाणी, डाळ-तांदूळ, साखळदंड, अवजारं असं एक टन सामान वेस्टसेलमध्ये टाका, तिला पत्ताही लागत नाही. काँटेसात तेवढंच टाकलं तर तिच्या वजनात जवळपास पाव भर पडते, मग ती चालत नाही, रांगते. अर्थात मंद वाऱ्यात वेस्टसेल रिकामीसुद्धा रांगतेच.

काँटेसाही लाकडाच्याच घरातली. लिमिंग्टनचे जेरेमी रॉजर्स आधी फोकबोट जातीच्या लाकडी होड्या बांधत. तिच्यावर बेतलेली काँटेसा २६ त्यांनी फायबरमध्ये काढली, आणि पुढे डेव्हिड सॅडलर यांनी ३२ आखली. इथे विचार वेगळा होता. होडी अरुंद, रुंदी साडेनऊ फूट, वेस्टसेलची अकरा. एकूण वजनाच्या निम्म्याच्या जवळपास भार तळाच्या पंखात. आत उभं राहायला, वळायला जागा बेताची, आणि वाऱ्यावर चढताना डेकवर पाणी येतं ते येतंच. सुखवस्तू माणसाने तिच्यात महिनाभर राहून दाखवावं.

पण ऑगस्ट १९७९ आला. फास्टनेट या शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत ३०३ होड्या निघाल्या आणि आयरिश समुद्राच्या तोंडाशी वादळाने गाठल्या. शर्यतीतले १५ जण गेले. सगळ्यांत लहान होड्यांच्या गटातल्या ५८ जणींपैकी शर्यत पुरी केली ती एकीने, ‘असेंट’ नावाच्या काँटेसा ३२ने. नंतरच्या चौकशीत तिची तुलना ‘ग्रिमाल्किन’ या तेव्हाच्या नव्या, रुंद, हलक्या शर्यतीच्या होडीशी झाली. ती नवी होडी साधारण १२० अंश कलली की परत सरळ व्हायची ताकद हरवते. काँटेसा १५० अंशांपुढे गेली तरी उलटी राहायला तयार नसते. हा गुण जडपणाचा नव्हे, अरुंद अंगाचा आणि खाली ठेवलेल्या भाराचा. त्याच ‘असेंट’ला विली केर नावाचे खलाशी पुढे ग्रीनलंडपर्यंत आणि अंटार्क्टिकापर्यंत घेऊन गेले.

वेस्टसेलची परीक्षा ऑक्टोबर १९९१च्या अटलांटिक वादळात झाली. ‘सटोरी’ या होडीवरच्या तिघांना कोस्ट गार्डने उतरवून घेतलं आणि होडी तशीच सोडून दिली. काही दिवसांनी ती मेरीलँडच्या वाळूवर बसलेली सापडली, मोठी मोडतोड न होता. फास्टनेटमध्येही माणसांनी सोडलेल्या होड्यांपैकी बहुतेक नंतर तरंगताना मिळाल्या होत्या. म्हणजे जड वाचली आणि हलकीही वाचली. मधल्या मध्ये मार खाल्ला तो शर्यतीच्या मोजमापाचे नियम डोळ्यांपुढे ठेवून आखलेल्या रुंद, उथळ अंगाच्या होड्यांनी.

धंद्यात दोघींचं नशीब सारखंच. वेस्टसेलचा कारखाना १९८०च्या सुमारास थांबला, रॉजर्सचाही त्या दशकाच्या सुरुवातीला बुडाला. फरक इतकाच की काँटेसाचे साचे पुढे त्याच कुटुंबाकडे परत आले आणि लिमिंग्टनमध्ये काम पुन्हा सुरू झालं. जुन्या होड्या दोन्हीकडच्या अजून विकल्या जातात. घ्यायचीच झाली तर डेक आधी ठोकून बघा, कारण कवच सहसा दगा देत नाही. पाणी मुरतं ते डेकवरच्या बोल्टांच्या भोकांतून. मुंबईहून लक्षद्वीपला जाऊन यायचं असेल तर मी काँटेसा मागेन. बायको बरोबर येणार असेल, तर मला विचारणारच कोण, वेस्टसेलच येईल.